फूटपाथवरच्या बाईचा स्तनाचा कॅन्सर इतका उशिरा का कळतो?

ऑक्टोबर लागला की गुलाबी रिबिनी दिसायला लागतात. स्तनाच्या कॅन्सरच्या जनजागृतीचा हा महिना. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच चौकट फिरत असते: पाळी संपल्यावर महिन्यातून एकदा आरशासमोर उभ्या राहा, हात वर करून दोन्ही बाजू सारख्या दिसतात का बघा, आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने चाचपून पाहा, काही वेगळं वाटलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

सल्ल्यात चूक काही नाही. पण त्यातल्या प्रत्येक ओळीमागे एक घर गृहीत धरलंय. कडी लावता येईल अशी मोरी, आरसा, स्वतःकडे बघायला पाच मिनिटं आणि डॉक्टरकडे जाताना मागे सामान सांभाळणारं कुणीतरी. मुंबईत पुलाखाली, फूटपाथवर, स्टेशनच्या आडोशाला राहणाऱ्या बाईकडे यातलं काय असतं? तिच्या बाबतीत आजार ओळखायला उशीर होतो तेव्हा आपण चटकन 'अज्ञान' म्हणून मोकळे होतो. माझ्या मते ते उत्तर आळशी आहे. उशीर नक्की कुठे कुठे होतो ते पाहू.

आधी निदान म्हणजे काय

स्तनात लागणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण कुठली साधी आणि कुठली नाही हे नुसता हात लावून छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून तीन पायऱ्या असतात. पहिली, डॉक्टरने हाताने तपासणं. दुसरी, आतलं चित्र घेणं, म्हणजे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी. मॅमोग्राफी हा स्तनाचा खास एक्स-रे. तिसरी, बायोप्सी: सुईने गाठीतला बारीक तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. ही तिसरी पायरी झाल्याशिवाय निदान पक्कं धरत नाहीत आणि कॅन्सरचे डॉक्टर उपचारही सुरू करत नाहीत. कॅन्सर निघालाच तर त्याच तुकड्यावर आणखी चाचण्या होतात, कुठलं औषध लागू पडेल ते ठरवायला. मग तो कुठवर पसरलाय हे बघायला स्कॅन. त्यावरून स्टेज ठरते: पहिलीत गाठ लहान आणि जागच्या जागी, चौथीत आजार हाडं, फुप्फुस, यकृत अशा लांबच्या अवयवांत पोचलेला.

एवढ्या सगळ्यासाठी एका बाईला वेगवेगळ्या खिडक्यांवर, वेगवेगळ्या दिवशी, बऱ्याचदा वेगवेगळ्या इमारतींत जावं लागतं. तीन एसट्या बदलून गावी जाण्यासारखं हे काम आहे. पहिली गाडी अर्धा तास उशिरा आली की दुसरी चुकते आणि तिसरी दिवसातून एकच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी जो जागतिक उपक्रम सुरू केला, त्यात देशांपुढे ठेवलेलं एक उद्दिष्ट असं: बाई पहिल्यांदा तक्रार घेऊन आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं. घर, फोन, रजा आणि सोबत हे सगळं असलेल्या बायकांनाही आपल्याकडे हे दरवेळी जमत नाही.

दोन महिन्यांनी एवढं काय बिघडतं?

बरंच. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने स्तनाचा कॅन्सर होतो आणि ९८ हजारांच्या आसपास दगावतात. आजार तोच, पण तो कुठल्या टप्प्यावर हाती लागला यावर सगळं ठरतं. २०१२ ते २०१५ या काळात देशातल्या कर्करोग नोंदणी केंद्रांत नोंद झालेल्या रुग्णांचा जो अभ्यास झाला, त्यात आजार स्तनापुरताच होता अशांपैकी सुमारे ८१ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या. काखेतल्या गाठींपर्यंत आणि आजूबाजूला गेलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६५ टक्के. लांब पसरलेल्यांत १८.

म्हणजे 'कॅन्सर म्हणजे कॅन्सल' हे जे लोक म्हणतात ते पहिल्या टप्प्याला लागू होत नाही. दुर्दैवाने फूटपाथवर ज्यांनी कॅन्सर पाहिलाय त्यांनी तो शेवटच्या टप्प्यातच पाहिलेला असतो, फुटलेली, वास मारणारी जखम झालेला. त्यांचा समज त्यांच्या अनुभवावरच उभा आहे. तपासून घेऊन बरी झालेली बाई त्यांच्या पाहण्यात नसेल, तर तपासून काय फायदा हा त्यांचा प्रश्न आपल्याला वाटतो तितका अडाणी नाही.

बेघर म्हणजे नेमकं कोण?

जनगणनेच्या व्याख्येत रस्त्याकडेला, फूटपाथवर, मोठ्या पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वे प्लॅटफॉर्मवर उघड्यावर राहणारे येतात. झोपडपट्टी यात येत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. झोपडीला चार भिंती असतात, बहुतेकदा वीजबिल असतं, गल्लीला नाव असतं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं बेघर मोजली गेली, बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकलेली. रात्री अंधार पाहून सुरक्षित जागा शोधणाऱ्या एकट्या बायका अशा मोजणीत किती सापडल्या असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर पथाऱ्या टाकून राहणारे रुग्ण आणि नातेवाईक आपण सगळ्यांनी पाहिलेत. उत्तर प्रदेश, बिहार, बंगालहून आलेले. उपचार मुंबईत आणि राहायला जागा नाही म्हणून रस्त्यावर. त्यांचे हाल खरेच आहेत. पण निदानापुरतं बोलायचं तर ते हॉस्पिटलपर्यंत पोचलेत. आजाराने त्यांना बेघर केलं. हा लेख ज्यांच्याबद्दल आहे त्या बायका आधीपासून बेघर आहेत, आणि त्यातल्या काही त्याच परळमध्ये, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असतात. हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर असूनही त्या आत येत नाहीत.

गाठ लागायला अंगाला हात लागावा लागतो

फूटपाथवरची बाई आंघोळ कशी करते हे आपण कधी विचारत नाही. उजाडायच्या आत, वर्दळ सुरू होण्याआधी, नळाशी किंवा टँकरच्या गळतीपाशी, अंगावरच्या साडीसकट. दोन तांबे अंगावर, साडी बदलायची ती दुसऱ्या बाईने धरलेल्या चादरीच्या आड, घाईघाईत. सशुल्क शौचालयात आंघोळीची सोय असते, पण पैसे मोजावे लागतात आणि बाहेर रांग खोळंबलेली असते. वर्षानुवर्षं स्वतःचं उघडं अंग स्वतःलाच न दिसलेल्या बायका या शहरात आहेत. त्यांना आरशासमोर उभं राहायला सांगणं म्हणजे काय ते बघा.

त्यात या आजाराची खोड अशी की सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. रस्त्यावरच्या जगण्यात दुखण्यांची क्रमवारी ठरलेली असते. दात, पाठ, ताप, पोराचा खोकला. न दुखणारी गोष्ट या यादीत येतच नाही. अंगावर पिणारं मूल असेल तर गाठ म्हणजे 'दूध साकळलं'. लाल झालं, फुगलं तर गळू. त्यावर हळदीचा लेप, नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चार गोळ्या. साकळलेलं दूध आणि गळू ही दोन्ही निदानं बऱ्याच वेळा बरोबरही असतात, म्हणून तर फसगत होते. बरोबर नसतील तर काही आठवड्यांतही गाठ जात नाही. पण परत दाखवायला जायचं कुठे?

दारोदार जाणारी योजना आणि दार नसलेली बाई

सरकारने २०१६ पासून आखलेल्या कार्यक्रमानुसार तिशीच्या पुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी ठरावीक वर्षांनी तपासणी व्हायला हवी. सुरुवात आशाताईपासून किंवा शहरातल्या आरोग्य सेविकेपासून. ती घरोघर जाते, प्रश्नावली भरते, ज्यांना धोका वाटतो त्यांना पुढे पाठवते. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण सेविकेच्या हातातली यादी घरांची असते. अमुक चाळ, अमुक खोली.

एकूणच हे काम किती मागे आहे ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या आकड्यांत दिसलं. ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधी एकदा तरी स्तनांची तपासणी झालेल्या देशभरात ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. आणि ही पाहणीसुद्धा घरांची यादी करून त्यातली कुटुंबं निवडते. त्या एका टक्क्याच्या हिशोबातही फूटपाथ नाही.

'टाटा आहे, केईएम आहे. सगळं मोफत आहे की'

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप, आणि त्यात तथ्यही आहे. मुंबईइतकी सार्वजनिक रुग्णालयं फार थोड्या शहरांच्या नशिबी आहेत. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान भारत आहे, दोन्ही मिळून ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मग अडतं कुठे?

समजा, सेनापती बापट मार्गाच्या कडेला राहणारी पंचेचाळिशीची बाई आहे. पहाटे दादरच्या फुलबाजारातून फुलं आणून गजरे करून विकते. ती एके दिवशी धीर करून केस पेपरच्या खिडकीपाशी उभी राहिली.

"मावशी, पत्ता सांगा."

"हितंच. पुलाखाली."

"पुलाखाली म्हणजे काय लिहू मी? बरं, मोबाइल नंबर?"

"पोराचा हाय. पर तो आता कामावर गेलाय."

"आधार? रेशन कार्ड?"

रेशन कार्ड होतं. मागच्या खेपेला रस्ता मोकळा करणारी गाडी आली तेव्हा पिशवी भांड्यांसोबत गेली. फूटपाथवर कागद टिकत नाहीत. पाऊस, उंदीर, चोरी आणि कारवाई या चौघांतून जे वाचेल ते. आधारच्या नियमांत कागद नसलेल्यांसाठी परिचय देणाऱ्या व्यक्तीची तरतूद आहे, पण ती माहीत असलेला माणूस त्या खिडकीपाशी नसतो.

मोफत या शब्दातही एक फट आहे. आरोग्य विमा योजना मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांचा खर्च उचलतात. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस धरले जातात. पण कॅन्सर आहे की नाही हे ठरवणाऱ्या तपासण्या बहुतेकदा त्याच्या कितीतरी आधी, बाह्यरुग्ण विभागात होतात. सरकारी दरात झाल्या तरी यंत्र बंद असेल, तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली तर? 'बाहेरून करून आणा' अशी चिठ्ठी हातात पडली की ती बाई पुन्हा दिसत नाही.

आणि निकाल? बायोप्सीचा रिपोर्ट यायला दिवस लागतात. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तर तिला कळवायचं कसं? पत्र जाणार नाही, नंबर मुलाचा, तोही रिचार्ज संपला की बंद. तपासणी होऊनही, निदान कागदावर असूनही, ज्या बाईचं ते निदान आहे तिलाच ते माहीत नाही, ही शक्यता कल्पनेतली नव्हे. व्यवस्थेच्या दृष्टीने ती 'फॉलोअपला न आलेली रुग्ण'.

'सांगूनही येत नाहीत त्या'

येत नाहीत, हे खरं. पण न येण्याचा तिचा हिशोब आपल्यासारखाच चोख असतो. ओपीडीचा दिवस म्हणजे सकाळी केस पेपरची रांग, मग डॉक्टरची रांग, मग तपासणीची तारीख घ्यायची रांग. फुलं त्याच दिवशी विकली गेली पाहिजेत. दिवस बुडाला की संध्याकाळची चूल बुडाली. जागा सोडून गेलं तर जागेवर दुसरं कुणी पथारी टाकतं. सामान कुणाच्या भरवशावर ठेवायचं, धाकटी पोर कुणाकडे?

मग भीती. आपल्याकडे १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्याखाली भीक मागताना पकडलेल्याला वॉरंटशिवाय अटक करता येते आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली; मुंबईत चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाचं नाव आजही धाक दाखवायला पुरतं. पांढरी सरकारी गाडी आली की ती तपासणीची आहे की उचलून न्यायची, हे लांबून कळत नाही. मुंबईच्या रस्त्यांवर पारधी कुटुंबंही बरीच राहतात. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, १९५२ मध्ये तो कायदा गेला. गणवेशातल्या माणसाची धास्ती गेली नाही, आणि हॉस्पिटलच्या गेटवर पहिला भेटतो तो गणवेशातलाच.

संकोच वेगळा. धड आंघोळ झालेली नाही, कपड्यांना वास येतो, आणि परक्या माणसासमोर छाती उघडी करायची. रांगेतली बाई नाकाला पदर लावते तेवढ्याने कित्येकजणी माघारी फिरतात. रात्री रस्त्यावर अतिप्रसंग सोसलेल्या बाईला तर हाताने केलेली साधी तपासणीही सहन होणं अवघड. मानसिक आजार असेल तर आणखी एक पडदा: ती छातीत काहीतरी आहे म्हणाली तरी ऐकणारा तिच्या बोलण्याला भ्रमात जमा करतो. आणि ऑपरेशनची वेळ आलीच तर 'नातेवाईक कुठे?' सज्ञान, समजदार बाई स्वतःची संमती स्वतः देऊ शकते. तरी सोबतीला माणूस, रक्ताची व्यवस्था, औषधं आणायला पाय, हे सगळं कुणीतरी आहे असं धरूनच वॉर्ड चालतो.

'आधी पोटाला, निवाऱ्याला बघा. कॅन्सर नंतर'

हा आक्षेप दयेतून येतो, म्हणून जास्त फसवा आहे. निवारा हवाच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनंतर ठरलेला निकष असा: शहरात दर १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांसाठी एक कायमचा, चोवीस तास उघडा निवारा. २०११ ची लोकसंख्या धरली तरी मुंबईत असे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही, आणि एकट्या बायकांसाठीचे तर आणखी कमी.

पण गाठ निवाऱ्याची वाट बघत थांबत नाही. शिवाय उशिरा कळलेला कॅन्सर कुणालाच स्वस्त पडत नाही. लहान गाठीला एक शस्त्रक्रिया आणि काही बायकांना पाच वर्षं रोज एक स्वस्त गोळी पुरू शकते. तोच आजार उशिरा आला की महिनोन्महिने किमो, वॉर्डातला पलंग आणि हाती बहुतेक निराशा.

मॅमोग्राफीची गाडी पाठवली की झालं?

गुलाबी रंगाची व्हॅन, फीत कापणं, फोटो. व्हॅनला माझा विरोध नाही, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. आपल्याकडे बऱ्याच बायकांना हा आजार पन्नाशीच्या आत होतो, आणि तरुण वयात स्तनाचा पोत घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ नीट दिसत नाही. शिवाय संशयास्पद काही दिसलंच तर पुढची बायोप्सी व्हॅनमध्ये होत नाही, आणि तोवर व्हॅन दुसऱ्या वॉर्डात गेलेली असते. 'काहीतरी आहे' एवढंच सांगून निघून जाणारी तपासणी बाईच्या पदरात फक्त घोर टाकते.

त्यापेक्षा साधी गोष्ट मुंबईतच सिद्ध झाली आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायका होत्या. निम्म्यांची दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी झाली. करणाऱ्या होत्या खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या. डॉक्टर नव्हेत, यंत्र नाही. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडला: तिसऱ्या-चौथ्या स्टेजला कळणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या गटात ४७ टक्के होतं, ते इथे ३७. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण बायकांत मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं; आजार लवकर सापडणं आणि जीव वाचणं यांच्यात उपचारांची वाट असते.

हाताने करायच्या तपासणीला वीज लागत नाही. लागतो एक पडदा, एक बाकडं आणि शिकलेली बाई. हे निवाऱ्यात होऊ शकतं, देवळाच्या ओवरीत होऊ शकतं, रात्री आठ वाजता होऊ शकतं.

मधला माणूस

तरीही पहिली एसटी मिळाली म्हणजे गावी पोचलो असं होत नाही. यावरचं सगळ्यात भक्कम उदाहरण मुंबईचं नाही, न्यूयॉर्कच्या हार्लेमचं आहे. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात हॅरॉल्ड फ्रीमन नावाचे सर्जन होते. १९८६ पर्यंतच्या बावीस वर्षांतल्या त्यांच्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा, बहुतांश गरीब कृष्णवर्णीय बायकांचा, हिशोब काढला तेव्हा पाच वर्षांनंतर हयात होत्या फक्त ३९ टक्के. निम्म्याजणी तिसऱ्या-चौथ्या स्टेजला आलेल्या. त्यांनी दोन गोष्टी केल्या. स्वस्तात किंवा फुकट तपासणी, आणि १९९० पासून प्रत्येक संशयित रुग्णामागे एक माणूस, जो तिला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर नेईल, तारीख घेईल, अर्ज भरेल, आली नाही तर शोधायला जाईल. १९९५ ते २००० मधल्या रुग्णांत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ७० टक्के झालं. या बायका गरीब होत्या, सगळ्या बेघर नव्हत्या, आणि मधल्या काळात औषधंही सुधारली. तेवढी सूट देऊनही फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

टाटा मेमोरियलनेही २०१९ मध्ये 'केवट' नावाने अशा सोबत्यांचं प्रशिक्षण सुरू केलं. पण ते हॉस्पिटलच्या आत आलेल्या रुग्णाला हात देतात. फूटपाथवरच्या बाईचा सोबती फूटपाथवरूनच निघायला हवा. तिच्यासोबत रांगेत उभा राहणारा, केस पेपरवर स्वतःचा नंबर देणारा, रिपोर्टची पिशवी स्वतःकडे ठेवणारा. ही नोकरी असायला हवी, पगारी. तिच्याच वस्तीतली शिकलेली मुलगी हे काम कुठल्याही पदवीधारकापेक्षा बरं करेल असं मला वाटतं, कारण तिला बाई कुठल्या पुलाखाली सापडेल हे माहीत असतं.

निदान झालं. आता झोपायचं कुठे?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उघडायची घोषणा झाली. चांगली घोषणा आहे. डे-केअर म्हणजे सकाळी येऊन किमो घ्यायची आणि संध्याकाळी घरी जायचं. किमोनंतर काही दिवस रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा साधा ताप जिवावर बेतू शकतो. स्वच्छ पाणी, ताजं अन्न, जवळ शौचालय लागतं. हे सहा-आठ खेपा, दर तीन आठवड्यांनी. पुलाखाली हे होत नाही हे डॉक्टरलाही कळतं, आणि मग सौम्य उपचारांवर तडजोड होते किंवा 'राहायची सोय करून या' म्हणून सांगितलं जातं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देतात. तिथे बाहेरगावच्या रुग्णांचीच गर्दी एवढी, की मुंबईतच राहणाऱ्या पण घर नसलेल्या बाईला कुठल्या रकान्यात बसवायचं हा प्रश्न पडतो.

फार उशीर झाला असेल तरी तपासणं वाया जात नाही. वेदना कमी करता येतात, जखमेचा वास आटोक्यात आणता येतो. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांची मोफत शुश्रूषा करतं. पण तिथे जायलाही कॅन्सर असल्याचा कागद लागतो, म्हणजे पुन्हा निदान आलंच.

तुमच्या ओळखीत अशी बाई असेल तर

गजरेवाली, सिग्नलवरची, कचरा वेचणारी. रोज दिसते, दोन शब्द बोलते अशी. तिने गाठ, कातडीला खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, काखेतली गाठ, महिनाभर न भरणारी जखम यातलं काही सांगितलं तर 'जाऊन ये' एवढ्यावर सोडू नका. महापालिकेच्या 'आपला दवाखान्यां'पैकी अनेक संध्याकाळी उघडे असतात. सुरुवात तिथून होऊ शकते, दिवसाची कमाई न बुडवता. बाई डॉक्टर आहे का ते आधी विचारून घ्या. केस पेपरवर संपर्कासाठी तिच्या संमतीने तुमचा नंबर घाला. प्रत्येक कागदाचा लगेच फोटो काढून ठेवा. बायोप्सी एका ठिकाणी झाली आणि उपचार दुसरीकडे ठरले, तर कागदी रिपोर्टवर भागत नाही. गाठीच्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागतात. ते पहिल्या लॅबमधून सही करून घ्यावे लागतात आणि पुलाखालच्या उन्हात ठेवायचे नसतात. तेवढे तुमच्या कपाटात राहू द्या.